सुरेखाताईंची सही

सुरेखाताईंना कोणी ‘जंतवाल्या बाई’ म्हटलं तर राग येत नाही. कामात खोट काढली तर मात्र त्या कुणाला सोडत नाहीत. पुण्यात वीस वर्षं जनावरांची विष्ठा तपासली, आता सिंगापूरच्या एका खासगी लॅबमध्ये तेच करतात. इथल्या क्वीन्सटाउन भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी राहतो, त्यामुळे त्यांचा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे.

एका काँडोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, मागच्या झाडीतल्या रानडुकरांच्या विष्ठेचे वीस नमुने लॅबमध्ये आले. काँडोच्या कमिटीला डुकरं नकोच होती. सगळ्या नमुन्यांत वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या आणि मॅनेजर विक्रांतने रिपोर्ट लिहून टाकला: शंभर टक्के संसर्ग, माणसांना धोका, सगळी डुकरं हटवावीत. हटवणं म्हणजे मारणं, हे सगळ्यांना कळत होतं. खाली सही ताईंची हवी होती.

ताईंनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं. “हे मातीतले जंत आहेत, डुकराच्या पोटातले नव्हेत. नमुने जमिनीवरून खरवडून आणलेत.”

“ताई, क्लायंटला उद्या रिपोर्ट हवाय,” विक्रांत म्हणाला. “आणि तुमच्या वर्क पासचं रिन्यूअल माझ्याच टेबलावर आहे.”

“असू दे तिथंच.”

सरळसरळ धमकी होती ती. मला आजही संताप येतो.

ताईंनी सही केली नाही; उलट तीन दिवस पहाटे कुंपणापाशी उभ्या राहिल्या. डुकरं पुढे गेली, की ताज्या विष्ठेचा मातीला न लागलेला भाग तेवढा उचलायचा. बारापैकी सात नमुन्यांत फुप्फुसातल्या जंतांची अंडी निघाली. पण हे जंत डुकरांना गांडुळं खाऊन होतात, माणसाला सहसा होत नाहीत. शिवाय ते सातही नमुने जिथं रहिवासी उरलंसुरलं टाकतात आणि डुकरं दाटी करतात, तिथलेच होते; एकाच जागी विष्ठा साठली की तिथल्या गांडुळांतही जंत शिरतात. ताईंनी तेच लिहिलं: अन्न टाकणं बंद करा, कळपाची तपासणी चालू ठेवा, मारायचं कारण नाही.

कमिटीने त्यांना बोलावून घेतलं. जंत आहेत की नाहीत, एवढंच सांगा, अध्यक्ष म्हणाले.

“आहेत. पण डुकरांना ताट तुम्ही वाढता, आणि जेवायला आली म्हणून मारायला निघता. दुसरा रिपोर्ट हवा असेल तर दुसरी सही शोधा.”

पास रिन्यू झाला नाही. पुढच्या आठवड्यात ताई पुण्याला परत जातील. लॅबमध्ये सही करायचा अधिकार असलेलं दुसरं कोणी अजून मिळालेलं नाही. विक्रांतचा रिपोर्ट तसाच पडून आहे, आणि डुकरं जिवंत आहेत.