दर्यापूरच्या जीपमधला देवदूत

दर्यापूरहून अकोल्याला जाणाऱ्या जीपमध्ये मागच्या बाकावर आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. शेजारच्या नर्सबाईंनी माझा पेपर मागून घेतला. मला वाटलं वाचायला. त्यांनी तो मांडीवर पसरून त्यावर चिवडा ओतला. मलाही खायला लावला. चिवडा सरत गेला तसा खालून मथळा उघडा पडला: ‘संपावरच्या निष्ठुर परिचारिका’.

मी ओशाळलो. बाईंनी ‘निष्ठुर’वरची मिरची उचलून चवीने चावली.

“कोरोनात याच पेपरानं आमाले देवदूत म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या.

“मग तेव्हा तरी पुढची सीट मिळायची का?” मी विचारलं.

“कायची सीट जी! डायवर म्हणे, सिस्टर, पंख मिटून बसा, आणखी दोघं बसाचे हायेत!”