कपाशीचं दोन दिवसांचं फूल

हिंगणघाटला चादरी छापणाऱ्या एका कारखान्यात मी तीन वर्षं दुसऱ्यांच्या फुलांत रंग भरत होतो. एक दिवस डिझाइन पाहणाऱ्या बाई म्हणाल्या, "शनिवारी स्वतःचं काहीतरी आणा. जमलं तर छापू, नाही तर आहेच रंग भरणं." पुढचं सगळं काम संगणकावर होतं; पण पहिलं चित्र बाईंना हातानं, कागदावर, गौश या जाड जलरंगातच लागतं.

मी कपाशी निवडली. आपल्या गावचं फूल, आपल्याला कोण शिकवणार! बुधवारी कारखान्यामागच्या शेतातून एक फूल तोडून पेल्यात ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत बारा फिकट पिवळी फुलं रंगवली.

गुरुवारी पेल्यातलं फूल गुलाबी! फुलावर संशय घ्यावा, हे डोक्यातच आलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून बाराही फुलं गुलाबी केली. शुक्रवारी खात्रीसाठी ताजं फूल आणलं, तर ते पिवळं. पुन्हा पिवळा थर. दुपारी पाकळ्यांना तडे जाऊन खपल्या निघाल्या.

झाडायला येणाऱ्या मावशींचं निम्मं आयुष्य कापूस वेचण्यात गेलेलं. त्या कागदापाशी थबकल्या.

"काय करून राह्यला बाबू? भिंतीचे पोपडे काढले का?"

मी रडकथा सांगितली. त्या झाडूवर रेलून हसल्या. "अरे बाप्पा! ते आज पिवळं, उद्या गुलाबी. इथलाच ना तू? कधी पाह्यलं नाई?"

"नाही."

"चाल मंग."

शेतात त्यांनी बोटानं एक पान बाजूला केलं. एकाच झाडावर आजचं पिवळं फूल, जरा खाली कालचं गुलाबी, आणि परवाचं मिटून, सुकून नुकत्या धरलेल्या हिरव्या बोंडाच्या टोकाला टोपीसारखं चिकटलेलं. मी मान वर केली. नजर जाईल तिथवर तेच. या बांधावरून मी लहानपणापासून सायकल दामटली होती.

शनिवारी सकाळी नव्या कागदावर तेच झाड काढून नेलं.

"सात रंग झाले," बाई म्हणाल्या. छापताना प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन, म्हणजे जाळीची चौकट, लागतो, आणि आमच्याकडे सहाच बसतात. "गुलाबी काढा."

बाईंना मी तोवर कधी उलटून बोललो नव्हतो. "पानांतला एक हिरवा काढतो," म्हणालो. "गुलाबी राहू द्या."

"काऊन?"

"ते फूल काल पिवळं होतं, बाई."

बाईंनी कागद खिडकीशी नेला. पिवळ्या फुलावरून खालच्या गुलाबीपर्यंत बोट फिरवलं.

"हिरवा काढून आणा," त्या म्हणाल्या. "आजच."