दत्तूचं उघडं शटर

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या उद्योगांवर भाषण ठोकून नुकताच खाली उतरलो होतो. अंगावर शाल, हातात नारळ... आणि लहान-मोठे कांदे वेगळे करणाऱ्या ज्या मशीनवर मी टाळ्या घेतल्या, ते मशीन दत्तूचं होतं. आज महिना झाला, ती शाल मी कपाटातून काढलेली नाही.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचे गाळे शेजारी-शेजारी. दत्तू सायखेड्याचा. काम सुरू करण्याआधी तो गाळ्याच्या भिंतीवर खडूने चित्र काढायचा, आणि शटर सताड उघडं. जाणारा-येणारा थांबायचा, "अरे, इथं पट्टी आखूड घे," म्हणायचा. आमची अख्खी ओळ अशीच शिकली, अशीच वाढली. दत्तूच्या त्या मशीनमध्ये कांद्याची साल निघते म्हणून गावचा एक शेतकरी शिव्या घालत आला, तेव्हा दत्तूने रोलरवर सायकलची जुनी ट्यूब चढवली. साल शाबूत! मला म्हणाला, "कर की तूबी, मी काय नाय म्हणतो का?" मी केलं. वर पेटंटही स्वतःच्या नावावर घेतलं, आणि वकिलाला सांगितलं, जो बनवेल त्याला नोटीस धाडा.

दत्तूचे इंग्रजी कागद नेहमी मीच वाचून द्यायचो. ती नोटीसही तो माझ्याकडेच घेऊन आला.

"बघ रे, काय म्हणतंय हे?"

"हे मशीन बनवू नकोस म्हणतंय."

"कोण म्हणतंय?"

"...मी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्याने कागदाची घडी केली. "एवढ्यासाठी कागद कशाला? शटर उघडंच व्हतं ना. येऊन सांगायचं."

त्याने ते मशीन पुन्हा बनवलं नाही. नोटिशीची बातमी मात्र ओळभर झाली, आणि एकेक जण शटर अर्धं ओढून काम करू लागला. कुणी कुणाला काही दाखवेना. त्यानंतर आमच्या ओळीतून नवं असं काही निघालेलं नाही, आणि भाषणात हे मी शिताफीने गाळलं. माफी मागायला मी दोनदा दत्तूकडे गेलो. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

दहावा झाल्यावर वहिनींनी गाळा उघडायला बोलावलं. भिंतीवर खडूचं चित्र होतं, माझ्याच मशीनचं. ओला कांदा त्यात अडकतो, ही तक्रार दोन हंगाम मला सुटली नव्हती. दत्तूने खालच्या रोलरचा उतार बदलून दाखवला होता.

"तुमच्यासाठीच काढलंय," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, येईल तो, बघेल."

गाळ्याची किल्ली मी वहिनींकडून मागून घेतली आहे. रोज सकाळी दत्तूचं शटर पूर्ण वर करतो, ओळीत सगळ्यांना सांगून येतो, या, चित्र बघा, हवं त्याने बनवा... अजून कुणी आलेलं नाही.