चार बोटं लेकराची

त्याने मला फसवले. जिवंत चुलत्याला मेला म्हणून सांगितले आणि माझ्याकडून तेरा दिवसांची पगारी सुट्टी घेतली. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे वाचताना तुम्ही त्याच्या बाजूने झुकाल. सगळे झुकतात.

पालमला माझ्या कापड दुकानात तो नऊ वर्षे होता. कापड मोजून झाले की कात्री लावण्याआधी अंगठा चार बोटे पुढे सरकवायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, “ही चार बोटं लेकराची.” बाईला लेकरू असो नसो.

मी गल्ल्यावरून ओरडायचो, “माल कुणाच्या बापाचा हाय?”

“तुमचाच, शेठ. नाव बी तुमचंच व्हायलंय.” मान वर करायचा नाही.

सायकलवर ब्लाउजपीस विकत मी वर आलो. चार बोटांची किंमत मला कळते. पण बायका दुकानात शिरल्या की आधी त्यालाच शोधायच्या, हेही कळत होते. म्हणून नुसता ओरडायचो. लग्नाला आठ वर्षे होऊनही त्याच्या स्वतःच्या घरात मात्र ती चार बोटे घ्यायला कुणी नव्हते. मग बायकोला दिवस गेले, तेव्हा त्याने बाळासाठी म्हणून मलमल मागितली. त्या दिवशी मोजायला मी बसलो. बरोबर एक मीटर दिले.

आम्ही पाच कापडवाल्यांनी एकदा चहा पिता पिता ठरवले होते. गड्याच्या घरी कुणी मेले तर तेरा दिवस पगारी सुट्टी. सुतकातला माणूस तसाही लग्नाच्या बस्त्याला हात लावू शकत नाही. आजारपण आणि बाळंतपण म्हणजे मात्र खाडा, त्या दिवसांचा पगार कापायचा. एकाने सूट दिली तर उद्या सगळ्यांचे गडी मागतील.

एका सकाळी तो डोके भादरून आला. “शेठ, चुडाव्याचा चुलता गेला.”

“चुलत्यासाठी पहिल्याच दिवशी डोई केलीस?”

“त्यान्ला पोरगं न्हाई. आग मीच दिली.”

कापडातला एक खोटा धागा मी डोळे मिटून ओळखतो. हे ओळखले नाही. वर खांद्यावर हात ठेवून सांत्वनही केले.

नवव्या दिवशी एक म्हातारा पितळी डबा घेऊन पायरीवर उभा राहिला. “आमचा पुतण्या कुठंय? मी चुडाव्याचा. सुनंसाठी लाडू आणलेत.”

मी त्याला खालीवर पाहिले. “काका, तुमचा दहावा उद्या हाय.”

सगळे ऐकून घेतल्यावर म्हाताऱ्याने डबा खाली ठेवला. मग म्हणाला, “तर मग एक चांगलं धोतर तरी दाखवा.”

त्याच्याकडूनच कळले. सुनेला सातव्याच महिन्यात मुलगी झाली होती आणि मायलेकी परभणीच्या दवाखान्यात होत्या. पुतण्या दिवसा दुकानात असेल, असे म्हाताऱ्याला वाटले होते.

धोतर राहिले. आम्ही दोघे एसटीने परभणीला गेलो. बोलायच्या शिव्या मी वाटेत मनात लावून ठेवल्या.

तो वॉर्डाच्या कोपऱ्यात खुर्चीवर होता. सदरा उघडा, आणि छातीवर, कातडीला कातडी लावून, मूठभर पोरगी. आईला ताप होता, म्हणून नर्सने बापाच्या अंगाची ऊब द्यायला लावली होती. ऊब तुटली तर पोरगी हाती लागणार नाही, असे सांगितले होते. पोरगी बांधली होती त्याच मलमलीने. पण गाठ बसत नव्हती. कापड चार बोटे कमी पडत होते. दोन्ही टोके त्याने मुठीत धरून ठेवली होती.

“शेठ, हळू बोला. आताच डोळा लागलाय.”

“चुलता मेला व्हता ना?”

“मग काय सांगू? माझी पोरगी जगायलीय, सुट्टी द्या, असं?”

“मी बी जगायलोय,” मागून म्हातारा म्हणाला, आणि पुतण्या हसला. छाती हलू नये म्हणून नुसते ओठांनी.

नर्स म्हणाली, अजून महिनाभर तरी असेच धरावे लागेल. तेव्हा मी एवढेच म्हणायला हवे होते, की धर. पण मी रागाचा माणूस. म्हणालो, “चौदाव्या दिवशी दुकानात दिसला न्हाईस तर येऊच नको.”

त्याने पोरीकडे पाहिले. “बघतो, शेठ.”

चौदाव्या दिवशी मी कुलूप काढून बराच वेळ दारात उभा होतो. तो आला नाही. नंतरही नाही.

पोरगी जगली. आता बालवाडीत जाते. तो त्याच दवाखान्याच्या फाटकाबाहेर टॉवेल आणि झबली विकतो, असे म्हातारा सांगतो. म्हातारा दरवर्षी धोतर न्यायला येतो आणि निघताना म्हणतो, “माझ्या तेराव्याला जेवायला या.”

मागच्या महिन्यात तहसीलमधला एक बाबू दुपारीच झबल्याचे कापड घ्यायला आला. मुलगा झाला, पगारी सुट्टीवर आहे, म्हणाला. मी मोजले. कात्री लावताना अंगठा आपोआप पुढे सरकला.

माझ्याशी खोटे बोलणारा माणूस मी घडवला नव्हता. तो आमच्या त्या ठरावाने घडवला. मेलेल्या चुलत्यासाठी तेरा दिवस आणि जगणाऱ्या लेकीसाठी एकही नाही, हे कोणत्या डोक्याने ठरवले, ते सांगा. ठरवणाऱ्यांतले चौघे आजही गल्ल्यावर बसतात. त्यांनी उत्तर द्यावे. पाचवा मी. माझे दुकान उघडेच असते.