लालासाहेबाचा लाल बाण

लालासाहेबानं स्वतःच्या भाचीचं इंजिन मुद्दाम मोडलं, अशी कुजबुज बामणोलीत एके काळी होती. पोरगी अंगाला चिकटलेला रबरी सूट घालून गोव्यात चार लोकांसमोर उभी राहणार, ते मामाला बघवलं नाही म्हणे. कुजबुजीचं असंच असतं. पहिल्या दिवशी ती चहाच्या टपरीवर असते, दुसऱ्या दिवशी गिरणीत, आणि तिसऱ्या दिवशी ज्याची आहे त्याच्या ताटात.

लालासाहेब फौजेत होता. नदीवर पूल टाकणाऱ्या पलटणीत त्यानं वीस वर्षं मोटारबोटींची इंजिनं उघडली आणि मिटली. हवालदार होऊन परतला तेव्हा आम्हाला वाटलं, हा आता साताऱ्यात एखाद्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसणार. यानं मालवणहून टेम्पोत घालून एक भंगार आणलं. लांबीला गव्हाणीएवढं, वर एक लांब दांडा, दांड्याला हँडल.

"आवं लालासाहेब, हिच्यावर बसायचं कुठं?" मी विचारलं.

"बसायचं न्हाई, तात्या. उभं ऱ्हायाचं."

"मंग सीट चोरीला गेली म्हणा की!"

ती पाण्यावरची उभ्यानं चालवायची स्कूटर होती. पोटातला पंखा खालून पाणी ओढतो, मागून जोरानं फेकतो आणि त्या धक्क्यावर ती पळते. आधी पोटावर लोळायचं, मग गुडघ्यावर यायचं, वेग आला की पायांवर. लालासाहेब पंचेचाळिसाव्या वर्षी गुडघ्यापर्यंत पोचला, त्यापुढं दर वेळी पाण्यात. कोयनेची पातळी उतरली की आम्ही म्हणायचो, ह्यानंच प्यायलं असेल.

पायांवर उभी राहिली ती शिवांजली, त्याच्या बहिणीची लेक, मामाकडंच वाढलेली. ती वळण घ्यायची तेव्हा पर्यटक भजी खायची विसरायचे. लालासाहेब तिला भरधाव एक फेरी मारून मधेच इंजिन बंद करायला लावायचा, ओढून काठाला आणायचा आणि प्लग काढून उन्हात धरायचा. "पांढरा आला तर इंजिन उपाशी, काळा आला तर अजीर्ण. बिस्किटाच्या रंगाचा आला, मंजी ब्येस." पेट्रोलात ऑइल तो बायकोच्या दुधाच्या मापानं मोजून घालायचा. त्या महिन्यात त्यांच्या घरचा चहा कुणी घेत नव्हतं.

मशीनच्या मागच्या अंगाला त्यानं एक लाल बाण रंगवला होता. पाण्यात पालथी झाली तर ती डावीकडूनच फिरवून सरळ करायची. उजवीकडून फिरवली तर सायलेन्सरमधलं पाणी इंजिनात उतरतं. आता आमचं गाव सगळं उजव्या अंगानं फिरणारं. ओवाळणं उजवं, प्रदक्षिणा उजवी. सकाळी लाँच काढली तरी पहिला वळसा देवळाला उजवीकडं ठेवूनच. चाळीस वर्षं लाँच चालवून माझ्या हाताला दुसरी दिशाच ठाऊक नव्हती. म्हणून तो काठावरून ओरडायचा, "द्येवाला उजवं, हिला डावं!"

"गड्या, तुजी मशीन सुतकातली दिसतीया," मी म्हणायचो. तो दगड उचलायचा.

मग गोव्याची शर्यत आली. अर्ज भरला, टेम्पो ठरला, रविवारी शर्यत. पहिल्या तिघांत आली तर पुढं शिकवायला एक क्लब तयार होता. शुक्रवारी लालासाहेब मशीन बांधायचे पट्टे आणायला साताऱ्याला गेला. शिवांजली शेवटची फेरी मारत होती. भर पाण्यात वळताना पडली. मनगटाला बांधलेली बंद-बटणाची दोरी निसटून इंजिन बंद झालं, मशीन पालथी. मी लाँचवर जवळच होतो. ती पोहत येईपर्यंत मी वाकून मशीन सरळ केली. तिनं दांडा धरला आणि बटण दाबलं.

टक. एवढाच आवाज आला.

लालासाहेब संध्याकाळी आला. प्लग काढले तर आतून पाणी सांडलं. त्या पाण्यानं आतला कनेक्टिंग रॉड वाकला होता. नवा मुंबईहून यायला दोन महिने.

"तात्या, कुठल्या अंगानं फिरवली?"

शिवांजली रडून लाल झालेल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत होती.

"डाव्या. बाण बघूनच."

तो फडक्याला हात पुसत राहिला. डोळे माझ्यावर. मग म्हणाला, "मंग माजंच चुकलं आसंल. सकाळी पाण्याच्या पायपाची क्लिप मीच बसीवलीवती."

दुसऱ्या दिवशी टपरीवर कुणीतरी विचारलं, एवढा कारागीर माणूस, चुकला कसा? गप्प बसवेल तर तो मी कसला. मी म्हणालो, "मामालाच पोरगी धाडायची नसंल, फौजी डोस्कं!" सगळे हसले. मीही हसलो. मला ती थट्टाच वाटली.

तिसऱ्या दिवशी शिवांजलीनं भर ओसरीत विचारलं, "मामा, लोक म्हणत्यात ते खरं हाय?"

"तुला काय वाटतं?" तो म्हणाला. तिनं हे विचारावं, हेच त्याला लागलं होतं. ती 'न्हाई' म्हणेल म्हणून तो थांबला, आणि तो 'न्हाई' म्हणेल म्हणून ती. दोघंही एकाच वाणाची. मी खांबाला टेकून उभा होतो. मग लाँचची वेळ झाली म्हणून निघालो.

महिन्याभरात ती महाबळेश्वरला एका हॉटेलच्या काउंटरवर लागली. पाच वर्षं झाली. आलेल्या पाहुण्यांना बोटिंगला कुठं जावं ते ती नकाशावर दाखवते म्हणे, स्वतः खाली बामणोलीला उतरत नाही. हंगामात टॅक्सीवाल्याबरोबर मामीच्या नावानं स्ट्रॉबेरीची पेटी येते. मामाच्या नावानं काही येत नाही.

रॉड आला, बसला. लालासाहेब दर रविवारी मशीनला पाण्याची नळी लावतो, दहा सेकंद चालू करतो, पुसून ताडपत्री घालतो. चढत कुणीच नाही. दिवाळीला बाणाला नवा रंग देतो.

"आवाज बरा हाय न्हवं, तात्या?"

"लय ब्येस."

एवढंच आमचं बोलणं. बाणाचा विषय तो काढत नाही, मीही नाही. आता माझी सत्तरी उलटली, आणि शिवांजली वाचणारी पोर आहे, म्हणून हे लिहितोय.

लालासाहेबानं इंजिन मोडलं नव्हतं. मशीन मी उजवीकडून फिरवली होती.