ठाण्यानेच विकलेली सायकल

ज्यांच्यामुळे मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो आणि पुढे खाकी घातली, ते माझे शाळेतले वानखडे गुरुजी. नोकरीत असताना मी त्यांना पुष्कळ पत्रं लिहिली. पण एकच पत्र मी रागात लिहिलं. ज्या घटनेमुळे ते लिहिलं, ती निवृत्तीनंतरही मनातून गेलेली नाही.

तेव्हा मी वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका मोठ्या शेतकऱ्याने खबर दिली, की सहा वर्षांपूर्वी चोरीला गेलेली त्याची गिअरची रेसर सायकल केनवडकडचा एक तरुण चालवतो आहे. रंग नवा होता, पण सांगाड्याच्या तळाशी ठोकलेला क्रमांक जुन्या बिलाशी जुळत होता.

मी बंदोबस्तावर होतो. परतलो तेव्हा त्या तरुणाला बाकावर बसवून दुसरा दिवस उजाडला होता. ना नोटीस, ना डायरीत नोंद. गाल मात्र सुजलेला. पोरगा वेल्डिंगच्या दुकानात कामाला. वनरक्षक भरतीच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं आणि चारित्र्य पडताळणी आठवड्यावर आली होती. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेलीच होती.

हवालदार म्हणाला, “कबूल करून नाही राह्यला साहेब. वरून आपलीच मजाक करते. म्हनते, सायकल ठाण्यातूनच आली. बाप मजुरीले जाते अन् याच्याखाली रेसर! रंग कायले मारला मंग?”

मी हवालदाराला बाहेर काढलं, तरुणाला पाणी दिलं आणि म्हटलं, “सांग.”

“पयल्याच दिवशी सांगतलं सायब. भंगारवाल्यापासून निस्ता सांगाडा घेतला. चाक नाही, ब्रेक नाही. सीटची दांडी आत गंजून बसली होती, आठ दिवस तेल सोडलं तवा निंगाली. एक जोड तडकला होता, तो पितळेनं भरला. मंग पॉलिश पेपर, मंग रंग. गंजावरच रंग मारू काय?”

“आणि भंगारवाल्याकडे कुठून आली?”

“तुमच्या लिलावातून. मोबाईलात फोटो हायेत. तुमच्या मानसानं मोबाईल कपाटात टाकला, उघडून कोनी पायलाच नाही.”

मोबाईल मागवला. तांबेरलेल्या सांगाड्याचा फोटो, आणि नळीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला आकडा. आमच्या आवारातल्या प्रत्येक जप्त वस्तूवर असा आकडा असतो. मुद्देमाल रजिस्टर काढलं. ‘बेवारस सायकल, नादुरुस्त.’ शेवटच्या रकान्यात ‘परवानगीने लिलावात विक्री’, आणि खाली सही. माझी.

फिर्यादी शेतकऱ्याला बोलावलं, त्याची जुनी तक्रार शोधली. ती साध्या कागदावर घेऊन फाईलला लावलेली होती. चोरीचा गुन्हा नोंदवलाच नव्हता, कारण ठाण्याच्या गुन्ह्यांचा आकडा वाढला असता. पुढे पंधरा दिवसांत जऊळक्याच्या रस्त्याला ती सायकल बेवारस सापडली. जुळवायला गुन्हाच नव्हता, म्हणून ती आमच्या आवारात गंजत राहिली.

“म्हंजे मी इथं चकरा मारून राह्यलो होतो,” फिर्यादी म्हणाला, “अन् सायकल त्या भिंतीपाशी उभी होती?”

मी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. त्याने तरुणाच्या मोबाईलमधले फोटो एकेक करून पाहिले.

“माही सायकल तुमी गंजोवली साहेब. हे याची हाय. लिहा तसं.”

मी तसा जबाब घेतला. हवालदाराविरुद्ध अहवाल पाठवला, त्यात माझ्या सहीचाही उल्लेख केला. तरुणाने माझी माफी ऐकून घेतली आणि म्हणाला, “तोंडी नको सायब, कागदावर द्या.” दिलं. त्याने ते दोनदा वाचलं, मगच घडी घातली.

गरिबाच्या हातात चांगली वस्तू दिसली की आपण आधी चोर शोधतो, कारागीर शोधत नाही. वर्दीतल्या इतक्या वर्षांत मला हे त्या पोराकडून शिकावं लागलं, याची आजही चीड येते. त्या आठवड्यात सुरू केलेलं पत्र मी महिन्याने पुरं केलं. ते असं:

‘आदरणीय गुरुजी,

सप्रेम जयभीम. तुम्ही फी भरलीत, पुस्तकं दिलीत, म्हणून मी या खुर्चीवर आहे. पण माझ्या ठाण्यात एका तरुणाने पहिल्याच मिनिटाला खरं सांगितलं आणि त्याला त्याबद्दल थप्पड मिळाली. त्याची पडताळणी नीट पार पडली, तो रुजू झाला. यात आमचं श्रेय काही नाही.

त्या दिवसापासून आलेली प्रत्येक चोरीची तक्रार मी गुन्हा म्हणून नोंदवतो. चोऱ्या एकदम कशा वाढल्या, अशी वरून विचारणा आली आहे. चोऱ्या वाढल्या नाहीत, आम्ही लिहायला लागलो, असं आज लेखी कळवलं. बदली झाली तर नवा पत्ता कळवीन.

आपला विद्यार्थी’