आलेखावरचा उंचवटा

भट्टीवाले सर सगळ्या जगावर जळणाऱ्यांतले नव्हते. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली तर ते मनापासून अभिनंदन करत, कुणाची मुलगी परीक्षेत पहिली आली तर तिला पेन देत. त्यांना हेवा वाटे तो एकाच माणसाचा. पण तो असा, की त्या माणसाचं नाव निघालं तरी सरांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं होई. तीस वर्षं झाली, तरी तो कडूपणा काही उतरला नव्हता.

तो माणूस म्हणजे खडूवाला. वसतिगृहात दोघे एका खोलीत राहिलेले, एकाच दिवशी भौतिकशास्त्रातल्या संशोधनाला लागलेले, पुढे एकाच विद्यापीठात चिकटलेले. एकाने सैद्धांतिक बाजू धरली, म्हणजे वरच्या मजल्यावरची हवेशीर खोली, फळा आणि खडू. दुसऱ्याने चुंबकीय पदार्थ बनवायचं पत्करलं, म्हणजे तळघर आणि चार भट्ट्या. एक स्फटिक वाढायला तीन-चार महिने लागत आणि पुष्कळदा शेवटी भट्टीतून निघे ते काळं ढेकूळ. तोवर खडूवाल्याचे दोन शोधनिबंध छापूनही झालेले असत. शिवाय त्याचे कपडे कधी जळत नसत. सरांच्या एकूण एक शर्टाच्या बाह्यांना भोकं होती.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण विद्यार्थ्यांनाही खडूवालाच आवडे. त्याच्या खोलीतून सदा हसण्याखिदळण्याचा आवाज येई. तळघरात कुणी हसत नसे. सर म्हणत, ‘‘फळ्यावर चुकलं तर पुसता येतं, म्हणून हसतात लेकाचे. इथे चुकलं की चार महिने गेले.’’ म्हणणं खोटं नव्हतं. फक्त ते दिवसातून दोनदा म्हणायची गरज नव्हती.

दोन वर्षांपूर्वी खडूवाल्याने एका पदार्थाबद्दल भाकीत केलं. चुंबकीय पदार्थातला प्रत्येक अणू हा एक छोटा चुंबक असतो. पदार्थ पुरेसा थंड केला की हे सगळे छोटे चुंबक एका शिस्तीत उभे राहतात. पण या पदार्थात ते तिघातिघांच्या त्रिकोणात बसलेले. एका शेजाऱ्याची मर्जी राखायला जावं तर दुसरा रुसतो. तेव्हा कितीही थंड करा, शिस्त लागायचीच नाही, असं खडूवाल्याचं गणित सांगत होतं. जगभरातून त्याला बोलावणी आली. विभागाच्या सूचना फलकावर त्याचा फोटो लागला, आणि सर त्या जिन्याने जायचे बंद झाले.

मग त्यांनी तोच पदार्थ बनवायला घेतला. का, हे सांगायला नकोच. पडताळून बघायचं म्हणून, असं ते सगळ्यांना सांगत. खरं म्हणजे त्यांना आयुष्यात एकदा, फक्त एकदा, खडूवाल्याला चूक ठरवायचं होतं.

मदतीला होती त्यांची विद्यार्थिनी. प्रयोगशाळेत वयाने सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. तिच्या संशोधनाचं तिसरं वर्ष चालू होतं, आणि त्यातले आठ महिने या एका स्फटिकापायी गेले होते. मुलगी कामाला वाघ होती. भट्टीचं तापमान तासातासाने वहीत टिपायची, आणि अक्षर असं की छापून घ्यावं. सरांचं तिच्याबद्दल मत फार चांगलं होतं. ते त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं, हा भाग वेगळा.

शेवटी स्फटिक निघाला. तांदळाएवढा, काळाभोर, चकचकीत. मोजणीचं मशीन विभागात एकच, आणि त्यावर सोमवारची पाळी मिळाली. त्याआधी स्फटिकाचा एक तुकडा काढून ठेवायचा होता. शनिवारी धाकटी घरी गेलेली. सरांनी स्वतःच काम करायचं ठरवलं.

तळघरातल्या टेबलाच्या वर भिंतीला एक पाटी होती: ‘लोखंड, पोलाद इथे आणू नये.’ पोलादाचा चिमटा लागला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण तुकड्याला चिकटतात, आणि मशीन इतकं नाजूक की त्याला तेच चुंबकत्व दिसतं. पाटी सरांनीच लिहिलेली, आणि तिच्यापायी त्यांनी आजवर किती पोरांना फैलावर घेतलं असेल त्याला गणती नाही. त्या शनिवारी प्लास्टिकचा चिमटा जागेवर सापडेना. इकडे शोध, तिकडे शोध. तेवढ्यात वरून खडूवाल्याच्या खोलीतला हशा जिन्यातून खाली आला, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. सरांचं डोकं फिरलं. त्यांनी खण ओढला, हाताला आला तो पोलादी चिमटा घेतला, तुकडा उचलून डबीत टाकला. एका क्षणाचं काम. वहीत लिहायचेसुद्धा त्यांनी कष्ट घेतले नाहीत.

सोमवारी धाकटीने तो तुकडा मशीनमध्ये बसवला. पारा खाली खाली गेला आणि आलेखावर एक उंचवटा उठला. लहानसा, पण उंचवटा. म्हणजे छोटे चुंबक शिस्तीत उभे राहिले होते! खडूवाल्याचं गणित तोंडावर पडलं होतं. सर उभ्या आयुष्यात नाचले नव्हते, ते त्या दिवशी मशीनभोवती दोन पावलं नाचले. धाकटी बघतच राहिली.

संध्याकाळी घरी आले तर खडूवाला त्यांच्याच जेवणाच्या टेबलाशी, त्यांच्याच खुर्चीत. त्याचं असं झालं होतं, की सरांची बायको विद्यापीठात समुपदेशक होती. गेलं वर्षभर ती विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करत होती. आठशे मुलांकडून तिने नाव न लिहिता प्रश्नावली भरून घेतली होती. त्या आठशे कागदांचं गणित मांडून द्यायला तिला माणूस हवा होता, आणि तिने नवऱ्याला विचारायच्या आधी खडूवाल्याला विचारलं.

‘‘वहिनी, हे बघा गंमत,’’ खडूवाला सांगत होता, ‘‘एकाची झोप उडाली की शेजारच्या तिघांची उडते. माझे चुंबक अगदी असेच वागतात.’’

‘‘भाऊजी, तुम्हाला सगळीकडे चुंबकच दिसतात,’’ बायको हसून म्हणाली.

सर दारात बूट काढत होते. हे हसणं त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. भौतिकशास्त्र गेलं, चुंबक गेले, आता हा गडी घरातल्या अभ्यासातही शिरला. त्यांनी बुटाची नाडी अशी ओढली की ती तुटून हातात आली.

‘‘तुझे चुंबक नाही वागत तुझ्या मनासारखे,’’ ते तिथूनच म्हणाले. ‘‘उंचवटा मिळालाय.’’

सरांना वाटलं होतं, आता याचा चेहरा पडेल. तीस वर्षं ते त्या पडलेल्या चेहऱ्याची वाट बघत होते. खडूवाला उठून उभा राहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

‘‘काय सांगतोस! म्हणजे माझं कुठेतरी चुकलंय. अरे वा! परत मोजून बघितलंस?’’

‘‘परत कशाला? बावीस वर्षं तळघरात काय गोट्या खेळलो?’’

खडूवाला हसला आणि पुन्हा कागदांकडे वळला. हरल्यावरही ज्याला आनंद होतो, त्याला हरवण्यात काही मजाच नाही. त्या दिवशी सर जेवले नाहीत.

इकडे धाकटीच्या मनात पाल चुकचुकत होती. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, ‘‘सर, नवीन तुकडा घेऊन एकदा बघू या का?’’ सर म्हणाले, वेळ नाही, शुक्रवारी सेमिनार आहे, सगळ्या विभागापुढे तुला हे मांडायचंय. तरी तिने त्याच दिवशी कुणाची तरी पाळी मागून घेतली आणि दुसरा तुकडा, नीट प्लास्टिकच्या चिमट्याने, मशीनमध्ये घातला. उंचवटा नव्हता. आलेख इस्त्री केल्यासारखा सपाट.

ती सरांकडे धावत आली. ‘‘सर, दुसऱ्या तुकड्यात काहीच दिसत नाहीये.’’

‘‘मग तुझा हात बिघडलाय. परत कर.’’

आता खोटं कशाला सांगा, त्याच क्षणी सरांना चिमटा आठवला. लख्ख आठवला. आणि आठवला तसाच त्यांनी तो मनातल्या मनात खणात परत टाकून खण लावून घेतला. कदाचित तसं नसेलही, त्यांनी स्वतःची समजूत घातली. कदाचित दुसरा तुकडाच खराब असेल. एका माणसाला चूक ठरवायची इच्छा इतकी जुनी झाली, की ती शहाण्या माणसालाही असं बोलायला शिकवते.

धाकटीने परत केलं. परत केलं. चार तुकडे सपाट. गुरुवारी ती तळघरात आली तेव्हा डोळे खोल गेलेले, आणि हातातल्या वहीतलं छापल्यासारखं अक्षर वाकडं झालं होतं.

‘‘सर, माझंच काहीतरी चुकतंय. मला कळतच नाहीये काय ते. मला झोप लागत नाही.’’

‘‘झोपेचं माझ्या बायकोला जाऊन सांग,’’ सर भट्टीकडे बघत म्हणाले. ‘‘तू उद्याची तयारी कर. पहिला आलेख दाखव, बाकीचे नको.’’

त्या संध्याकाळी बायको कागदांच्या गठ्ठ्यात बसली होती. ‘‘अहो, ऐका ना. प्रश्न होता, काम चुकलं तर पहिल्यांदा कुणाला सांगता? निम्म्याहून जास्त पोरांनी लिहिलंय, कुणालाच नाही. कामाने नाही हो मोडत ही मुलं. चुकलं म्हणायला जागा नसते, तिथे मोडतात.’’

सरांनी वरचा एक कागद उचलून उलटसुलट बघितला. मग म्हणाले, ‘‘त्याचं नाव कितीजणांनी लिहिलंय?’’

‘‘कुणाचं?’’

‘‘खडूवाल्याचं.’’

बायकोने चष्मा काढला. ‘‘नावं नाही लिहीत त्यात कुणी. आणि एवढं ऐकून तुम्हाला हेच विचारावंसं वाटलं?’’ सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मनात आलंच, की असतीच नावं, तर त्याचंच असतं.

शुक्रवारी दुपारी सभागृह भरलं. सर पहिल्या रांगेत, खडूवाला त्यांच्या मागच्या रांगेत. धाकटी व्यासपीठावर गेली. उंचवट्याचा आलेख पडद्यावर आला तसा मागे गलका झाला. ज्यासाठी सर तीस वर्षं जगले तो हा गलका, आणि त्यांना तो नीट ऐकूही येईना. कारण धाकटीने पुढचा आलेख लावला. सपाट. तिला नको म्हणून सांगितलेला.

‘‘दुसऱ्या तुकड्यांत हे दिसत नाही,’’ ती म्हणाली.

‘‘मग पहिल्यात कशाने आलं असेल?’’ खडूवाल्याने विचारलं. अगदी हळू, शेजारी बसून विचारावं तसं.

‘‘तो तुकडा मी बसवला होता. माझ्या हातून लोखंडाचा कण लागला असणार.’’ तिने खाली बघितलं. ‘‘चूक माझी आहे. सरांचा काही संबंध नाही.’’

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तीन वर्षं घालवून एवढंही कळत नाही, असं कुणीतरी पुटपुटलं. सरांना दोन्ही ऐकू आलं. गप्प बसलं की भागत होतं. गोष्ट आपोआप जुळली होती: पोरगी नवखी, हात नवखा. सरांची बावीस वर्षं शाबूत राहत होती. फक्त खडूवाला बरोबर ठरत होता, आणि तो तर आता सर बोलले काय, न बोलले काय, ठरणारच होता. व्यासपीठावर मुलगी कडेच्या टेबलाला धरून उभी होती.

सर उठले.

‘‘तिचं ऐकू नका. तो तुकडा शनिवारी मी उचलला. पोलादी चिमट्याने. ती नव्हतीच तेव्हा.’’ ते खाली बसायला गेले, पण बसले नाहीत. ‘‘आणि मला ते मंगळवारपासून माहीत आहे.’’

सर मागे वळून बघायला धजले नाहीत. खडूवाल्याचा हात मात्र पाठीमागून त्यांच्या खांद्यावर पडला. तो हात त्यांना भट्टीपेक्षा जास्त भाजला. इतकं झाल्यावरही मोठेपणा त्यालाच करता येतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि आपल्या मनात अजून तेच येतंय याची त्यांना पहिल्यांदा लाज वाटली.

सोमवारी सकाळी धाकटी तळघरात आली. शनिवार-रविवार झोपली असावी, चेहऱ्यावर थोडं तेज होतं. हातात गाईड बदलण्याचा फॉर्म होता. नव्या मार्गदर्शकाच्या रकान्यात, पुन्हा सरळ झालेल्या अक्षरात, खडूवाल्याचं नाव.

‘‘शुक्रवारी तुम्ही उठला नसतात सर, तर हा कागद घेऊन यायची माझी हिंमत झाली नसती,’’ ती म्हणाली. तिला ते खरंच कौतुकाने म्हणायचं होतं.

सरांनी पेन काढलं. सही करायच्या जागी टेकवलं आणि थांबले. विचारायचं नव्हतं, पण तीस वर्षांची खोड.

‘‘त्याला सांगितलं असतंस? काहीतरी चुकतंय म्हणून?’’

‘‘सांगितलं असतं सर.’’

‘‘मग मला का नाही सांगितलंस?’’

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं. राग नव्हता, नवल होतं.

‘‘तुम्हालाच सांगितलं होतं सर. तीन वेळा.’’

सरांनी सही केली. तारीख घालायची राहिली होती, ती तिने बोट ठेवून दाखवली.